राजाला न विचारता

कंपनीनं पुन्हा विचारलंय, पुढच्या आवृत्तीत तुम्हाला काय हवंय? चाहत्यांनी आपापल्या मागण्या कळवाव्यात म्हणे. मला काय हवंय? झोप हवीय. मान न दुखता एक आठवडा जायला हवाय. पण कंपनी विचारतेय ते इतिहासावरच्या त्या कॉम्प्युटर गेमबद्दल, आणि त्यासाठी मागण्या करण्याची माझी उमेद एकदाच होती. ती कशी आली आणि कुठं गेली, तेवढं सांगते.

हा गेम मी इंजिनिअरिंगला असल्यापासून खेळतेय. खेळणारा राजा असतो. नकाशावरचा एखादा मुलूख घ्यायचा, शेतं पिकवायची, सैन्य पोसायचं, शेजाऱ्याशी तह करायचा आणि सोयीप्रमाणे मोडायचा. एका फेरीत एक ऋतू सरतो, तीन फेऱ्यांचं एक वर्ष. शे-दोनशे वर्षं राज्य टिकवलं की जिंकलात. पहिली सीडी मी बुधवार पेठेत, रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात घेतली. तिच्यावर पेनानं भलत्याच गेमचं नाव लिहिलेलं होतं. मी विचारलं, "चालेल ना काका?" ते म्हणाले, "चालली तर चालेल." "आणि नाही चालली तर?" "तर दुसरं काहीतरी चालवा." पुण्यात ग्राहकसेवा म्हणून जे काही मिळतं ते एवढंच, आणि तेव्हा त्याचंही काही वाटत नसे.

सीडी चालली. दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती येत राहिली आणि मीही तिच्या मागून फरपटत राहिले. शिक्षण संपलं, कल्याणीनगरच्या एका कंपनीत टेस्टर म्हणून लागले. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी व्यक्ती. आपण दिवसभर लोकांच्या चुका दाखवायच्या आणि लोकांनी आपल्याला सांगायचं की ही चूक नाहीच. लग्न न करताच संसाराचा अनुभव येतो. विश्रांतवाडीहून सकाळी निघायचं, अंधार पडल्यावर परत यायचं, आणि अमेरिकेतल्या कुणाला तरी जाग आली की पुन्हा फोनवर बसायचं. आपल्या पिढीचं कल्याण झालं असं सगळे म्हणत होते. झालंही असेल. मला मात्र त्या वर्षांतलं बसच्या खिडकीला टेकवलेलं डोकं तेवढं आठवतं.

रविवार माझा होता. दुपारी जेवणं झाली की मी कॉम्प्युटर लावायची आणि बाबा मागे खुर्ची टाकून बसायचे. ते खडकीच्या कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. मूळचे वर्ध्याकडचे. तीस-पस्तीस वर्षं पुण्यात काढूनही बोलणं तिकडचंच. टीव्हीवरच्या मालिका त्यांना सहन होत नसत, पण माझं राज्य त्यांना आवडायचं. मी घाईघाईनं सैन्य वाढवायला लागले की मागून आवाज यायचा, "अगोदर कोठार बांध बाई. उपाशी शिपाई काय लढन?" त्यांचं ऐकलं की बहुतेक वेळा मी जिंकायची. ऐकलं नाही तर हरायची, आणि मग चहा होईपर्यंत ते काही बोलायचे नाहीत.

अशाच एका रविवारी मी दख्खनचा मुलूख खेळत होते. नवा प्रांत जिंकला होता आणि तिथल्या लोकांचा धर्म माझ्या राज्याच्या धर्माहून वेगळा होता. या गेममध्ये त्याचा एक सोपा उपाय असे. प्रांताच्या राजधानीत आपल्या धर्माची एक मोठी इमारत बांधायची आणि वाट बघायची. दर फेरीला प्रांताचा रंग थोडा थोडा बदलत जातो. पिवळा होता तो दहा-बारा फेऱ्यांत पुरता हिरवा झाला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, मी ते शंभरदा केलं होतं.

"हा रंग काऊन बदलला?" बाबांनी विचारलं.

"लोकांचा धर्म बदलला."

"कोनं बदलवला?"

"मी."

"त्याइले कोनी इचारलं काय?"

"त्यांना काही विचारता येत नाही बाबा. ते नुसतं धान्य पिकवतात आणि कर भरतात."

ते पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की यातल्या लोकांना आपणहून धर्म बदलता येतो का. राजानं काही बांधलं नाही, काही सांगितलं नाही, तरी त्यांनीच ठरवलं की आता हे पुरे, तर? मी म्हटलं, तशी सोयच नाही. ते म्हणाले, "मंग हा कायचा इतिहास?"

आमच्या घरी ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बाबा लहान असताना आजोबा सगळ्यांना घेऊन नागपूरला गेले होते आणि परत आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले. आजी त्यानंतरही कितीतरी दिवस सकाळी उठल्यावर भिंतीतल्या रिकाम्या देवळीकडे हात न्यायची आणि मध्येच थांबायची. बाबा हे सांगताना नेहमी हसत. आजीला चिडवत असल्यासारखे हसत. त्या दिवशी सांगितलं तेव्हा हसले नाहीत. "आमाले कोनत्याच राजानं नाही सांगितलं," ते म्हणाले. "आमी आमच्या पायानं गेलो. तू त्या कंपनीले लिव. लोकाइले सोताहून जाता आलं पायजे."

योग असा की त्याच सुमारास कंपनीनं चाहत्यांकडून मागण्या मागवल्या. माझ्या टीममध्ये या गेमचे आणखी दोन वेडे होते. एक आमचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, सदाशिव पेठेतला, जिभेला धार असलेला पण मनानं साफ माणूस. नवीन कुणी आला की त्याला स्वतः बसून काम शिकवायचा. दुसरा दर शनिवारी कुठला ना कुठला गड चढणारा, त्याला आम्ही गडवालाच म्हणायचो. तो कमी बोलायचा. तिघांनी मिळून पुण्याची म्हणून एक यादी पाठवायची ठरलं.

आता तीन टेस्टर एकत्र बसल्यावर काय होणार? लोक मागण्या लिहितात, आम्ही बग लिहिले. बग म्हणजे चूक, आणि तिची नोंद करायची एक ठरलेली रीत असते. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि हे किती गंभीर आहे. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर डबे उघडायचे आणि एकेक मागणी अशी सोलून काढायची. सह्याद्री नकाशावर तीन त्रिकोणांत उरकला होता, त्याबद्दल गडवाल्यानं एवढं लिहिलं की लीड म्हणाला, "हे पाठवलं तर ते सह्याद्री काढूनच टाकतील." हत्ती घाट चढतात, ही दुसरी तक्रार, लीडची. "आपल्या कंपनीची सहलीची बस जिथं धापा टाकते तो घाट हत्ती एका दमात चढतो. काय खातो तो? मंडईतल्या एका तरी पैलवानाला विचारून घ्यायचं होतं." पावसाचे चार महिने मोहीम बंद असायला हवी, ही माझी. किल्ल्यावर पाणी संपलं की किल्ला पडायला हवा, हीसुद्धा माझी. तहाची बोलणी करायला येणारा प्रत्येक वकील एकाच चेहऱ्याचा होता आणि दिल्लीहून आला काय, विजापूरहून आला काय, त्याच एका परदेशी थाटात वाकायचा. "म्हणजे आपल्या एचआरसारखाच," लीड म्हणाला. ते दिवस बरे होते. इतकं थकून गेलेलं असतानाही आम्ही त्या टेबलावर पोट धरून हसलोय.

मग मी बाबांची मागणी काढली. रीतसर लिहून आणली होती. काय केलं: प्रांतातल्या लोकांना त्यांच्या मनावर सोडलं. काय व्हायला हवं: लोकांना आपल्या मर्जीनं धर्म सोडता किंवा घेता यावा. प्रत्यक्षात: राजानं केल्याशिवाय काहीच होत नाही. गंभीरता: अतिशय.

लीडनं वाचलं आणि म्हणाला, "हा बग नाही."

"मग काय आहे?"

"ॲज डिझाइन्ड." आमच्या धंद्यात या शब्दांचा अर्थ असा की हे चुकून झालेलं नाही, बनवणाऱ्यानं असंच बनवलंय, तेव्हा तक्रार बंद. "असं बघ, खेळणारा राजा आहे. राजाला न विचारता प्रजा काहीतरी करायला लागली तर खेळणाऱ्याला काय मजा?"

"पण असं झालेलं आहे."

"झालं असेल गं. सगळं झालेलं गेममध्ये घालायचं का? आणि यात आता ते नको आणूस."

"ते म्हणजे?"

"ते म्हणजे..." त्यानं डब्यातली कोशिंबीर ढवळली. "तुला माहितीय."

मला माहीत होतं. पुण्यात माणूस 'ते' म्हणाला की ऐकणाऱ्याला आपलं आडनाव आठवतं. गडवाला खाली बघून जेवत होता. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता असं कुणी म्हणेल, पण दीड वाजता ग्राहकाबरोबर मीटिंग होती आणि आदल्या दिवशीचे चौदा बग मला 'ॲज डिझाइन्ड' म्हणून परत आले होते. पंधरावा आला. राग आला तो संध्याकाळी, बसमध्ये, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

पुण्याची यादी हत्ती आणि घाटांसकट गेली. बाबांची मागणी मी माझ्या एकटीच्या नावावर पाठवली. त्यांनी शब्दन् शब्द मराठीत वाचून दाखवायला लावला आणि एका ठिकाणी थांबवलं. मी लिहिलं होतं, लोकांना परवानगी मिळावी. "परवानगी काऊन? परवानगी नको लिवू. जाता येतं म्हनून लिव." मी ते बदललं.

पुढे वाट बघणं. जन्मभर अर्ज करून उत्तराची वाट बघितलेला तो माणूस, दर रविवारी खुर्ची ओढता ओढता विचारायचा, "आलं काय काही?" माझ्या मागणीखाली कुठल्याशा देशातल्या कुणीतरी लिहिलं की कल्पना चांगली आहे. आणखी कुणी लिहिलं की राजकारण बाहेर ठेवा. बऱ्याच दिवसांनी कंपनीच्या माणसाचा एका शब्दाचा शेरा आला. "नोंद घेतली म्हणतात," मी बाबांना सांगितलं. "म्हंजे सरकारीच हाय," ते म्हणाले, पण खूश झाले. आईला आत जाऊन सांगून आले. मला तेव्हा फार वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टीवर खूश होण्याइतकं कमी त्यांना आजवर मिळालं होतं, याचं वाईट वाटलं.

नवी आवृत्ती आली. या वेळी मी अस्सल सीडी घेतली, खोक्यासकट. रविवारी दुपारी कॉम्प्युटर लावला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तो जाड चष्मा घालून ते नेहमीपेक्षा जवळ बसले. आधी कोठारं बांधली. घाट अजूनही हत्ती चढत होते. पाऊस मात्र आला होता, नकाशावर निळ्या रेघा पडत होत्या आणि सैन्य छावणीत बसून होतं. मी म्हटलं, "बघा, माझी एक मागणी मानली." ते म्हणाले, "माही?"

चाळीसेक वर्षांचं राज्य झालं असेल. अचानक एका कोपऱ्यातल्या प्रांतावर लाल ठिपका लुकलुकायला लागला आणि पडद्यावर चौकट आली. इंग्रजी बाबांना अडखळत वाचता यायचं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आली बाबा," मी म्हटलं. "तुमची मागणी. त्या प्रांतातले लोक आपणहून धर्म सोडून चाललेत."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मी आयुष्यात त्यांना इतकं ताठ बसलेलं क्वचितच बघितलं असेल. "आनखी काय लिवलंय?"

वर मोठ्या अक्षरांत 'बंड' असं लिहिलं होतं. खाली दोन बटणं होती. एकावर 'सैन्य पाठवा'. दुसऱ्यावर 'दुर्लक्ष करा'. दुर्लक्ष केलं तर तो प्रांत हातचा जाईल, शेजारच्या प्रांतांतही हे पसरेल, असा इशारा होता. मी सगळं सांगितलं. न सांगून कसं चालणार होतं, ते तिथंच बसले होते.

"सैन्य पाठवू का विचारतंय."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग बाबा म्हणाले, "आमच्याकडं सैन्य नोतं आलं. गावातलेच आले होते."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. देव नदीत सोडल्याचं ऐकलं होतं, देवळीचं ऐकलं होतं. त्यापुढचं घरात कुणी सांगितलं नव्हतं. नागपूरहून परत आल्यावर गावानं आधी त्यांची विहीर बंद केली. मग कामाला बोलावणं बंद केलं. मग एका दुपारी माणसं आली आणि वस्तीच्या टोकाची तीन घरं पेटवली, त्यात मधलं यांचं होतं. आजोबा घरी नव्हते. आजीनं मुलांना ज्वारीच्या शेतात नेऊन बसवलं आणि कुणी रडू नये म्हणून सगळ्यांच्या तोंडात पदराचा बोळा दिला. बाबा हे एखाद्या शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगत होते. त्यानंतर ते नागपूरला आले, तिथून कधीतरी पुण्याला. "म्हनून तू पुन्याची," ते म्हणाले.

माऊस माझ्या हातात होता. इतकी वर्षं हा गेम खेळले, पण आपण नेहमी राजाच असतो हे मला त्या दिवशी जाणवलं. दुसरं कुणी व्हायची जागाच नाही यात. मला काय वाटत होतं ते सांगते. लाज वाटत होती. मी काही केलं नव्हतं तरी वाटत होती.

"काय करू?" मी विचारलं.

"जाऊ दे त्याइले."

मी दुसरं बटण दाबलं. तो प्रांत गेला. दोन फेऱ्यांनी शेजारचा. मग आणखी दोन. प्रत्येक वेळी चौकट यायची, मी बाबांकडे बघायची, ते मान हलवायचे आणि मी जाऊ द्यायची. कर आटला, सैन्य पांगलं, शेवटी राजधानीवरही लाल ठिपका आला. मग पडदा काळा झाला आणि तुमचं घराणं संपलं असं लिहून आलं.

"हारलो?"

"हरलो."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला रडू आलं. ते आनंदाचं होतं की कशाचं, मला आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये लीड लांबूनच हात हलवत आला. "अभिनंदन! घेतला की तुझा मुद्दा त्यांनी! आणि मी शहाणा ॲज डिझाइन्ड करून बसलो होतो." त्याला मनापासून आनंद झाला होता, तोंडावर दिसत होता. डबा उघडत तो म्हणाला, "पण तू सांभाळलंस कसं ते? शनिवारी माझं आख्खं राज्य जायची वेळ आली होती."

"मी जाऊ दिलं."

"जाऊ दिलं? मग हरली असशील."

"हरले."

"अगं वेडी का तू? ती चौकट आली ना, की थांबायचंच नाही. पहिल्याच गावात लगेच सैन्य घालायचं. एक गाव नीट झोडपलं की बाकीची गप्प बसतात. मग शंभर वर्षं बघायला नको."

"घोडदळ," गडवाला म्हणाला. "पायदळ पोहोचेपर्यंत पसरतं."

भाजीला फोडणी कशी द्यावी ते सांगावं तसं दोघं सांगत होते. त्यांच्या मनात काही नव्हतं. खरंच काही नव्हतं, आणि त्याचाच मला शीण आला. कुणी मुद्दाम बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"त्या पहिल्या गावात माझे वडील होते," मी म्हणाले. "घर जाळलं त्यांचं. शाळेत जायचे तेव्हा ते."

लीड आधी हसला, मी विनोद केला असं त्याला वाटलं. मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि त्याचा हात तसाच डब्यावर राहिला. तो खरोखर कानकोंडा झाला होता आणि मला त्याची दया यायला लागली, तीही मला नको होती.

आम्ही तिघं जेवायला लागलो. डबे संपत आले तेव्हा गडवाल्यानं, माझ्याकडे न बघता, विचारलं, "मग बाकीची गावं? ती बसली गप्प?"

"नाही," मी म्हणाले. "नाही बसली."